मुलीनं स्वतः केलेलं रुखवत

ढवळे माझ्या खोलीत आले तेव्हा मी सुपारीच्या घोड्याला शेपूट चिकटवत होते. दोन्ही हात डिंकानं बरबटलेले, मांडीवर रेशमाचं रीळ, आणि समोर पाटावर अख्खी वरात मांडलेली. घोड्यावर नवरदेव, मागं करवली, पुढं बँडवाले, सगळे सुपारीचे. उंबऱ्यापाशी चपला काढून त्यांनी आत पाऊल टाकलं आणि नवरदेव त्यांच्या पायाखाली जाता जाता वाचला.

"जरा जपून," मी म्हटलं. "त्याचं लग्न व्हायचंय अजून."

ते हसले नाहीत. पतसंस्थेचे वसुली अधिकारी होते ते. आपण हसलो की समोरचा माणूस हप्ता पुढं ढकलायला बघतो, असं त्यांनी नंतर कधीतरी मला स्वतःच सांगितलं. खोलीत एकच खुर्ची होती, तिच्यावर चिरोट्यांचा डबा होता. मी तो उचलला, ते बसले आणि पिशवीतून कागद काढून त्यांनी खोलीभर नजर फिरवली. कपाट, शिलाई मशीन, गॅस, माझ्या सायलीची सायकल. शेवटी नजर पाटावर आली.

"हे काय आहे?" त्यांनी विचारलं.

"वरात."

"याची किंमत किती होईल?"

"सुपारीचा भाव वाण्याला विचारा. डिंक माझ्याकडून फुकट."

मी अशीच बोलायचे तेव्हा. आताही बोलते म्हणा, पण आता कमी लोकांशी. आतून मात्र माझं पाणी पाणी झालं होतं, कारण आदल्याच आठवड्यात बँकेतल्या बाईनं माझं बचत खातं गोठवल्याचं सांगितलं होतं. पतसंस्थेनं तसं पत्र दिलं होतं.

मी ढवळ्यांना म्हटलं, कर्ज प्रतापचं आहे, प्रतापकडं जा. प्रताप रणवरे माझा नवरा, म्हणजे वर्षापूर्वीपर्यंतचा. कोल्ड्रिंकची एजन्सी घ्यायची म्हणून त्यानं पतसंस्थेतून चार लाख काढले होते आणि त्या कागदांवर सहकर्जदार म्हणून माझी सही होती. मॅनेजरनं पेन पुढं केलं, प्रताप म्हणाला, इथं कर गं, आणि मी केली. त्या काळात तो बोट ठेवेल तिथं मी सही करत होते. पुढं घटस्फोट झाला, दोघांच्या संमतीनं, आणि त्याच्या कागदात स्वच्छ लिहिलं होतं की पतसंस्थेचं कर्ज प्रताप रणवरे फेडतील. कोर्टाचा शिक्का असलेली ती प्रत मी ट्रंकेतून काढली आणि ढवळ्यांच्या हातात दिली. मला वाटलं, आता हे माफी मागून उठतील.

त्यांनी ती शेवटपर्यंत वाचली आणि नीट घडी घालून परत केली.

"ताई, घटस्फोट तुमचा आणि रणवऱ्यांचा झाला. संस्थेशी तुमचा घटस्फोट झालेला नाही."

प्रतापकडं ते जाऊन आले होते. टेम्पो विकलेला, एजन्सी धाकट्या भावाच्या नावावर, राहतं घर वडिलांच्या नावावर. साहेब, माझ्या नावावर हा अंगातला शर्ट आहे तेवढा, असं म्हणून त्यानं हात वर केले होते. आणि सहकर्जदार म्हणजे काय, तर एकानं हात वर केले की दुसऱ्याचे धरायचे. मी नोकरीत असते तर पगारातून कापून घेतलं असतं, ते म्हणाले. पण मी पडले स्वतःच्या कमाईवर जगणारी, पगार देणारा मालकच नाही. म्हणून कायद्यानं दुसरी सोय केलेली होती. माझी जी गिऱ्हाइकं असतील त्यांना संस्था नोटीस काढणार, की या बाईंचं जे काही देणं असेल ते त्यांना न देता इकडं आणून भरा. तेवढी गिऱ्हाइकांची नावं मी सांगायची होती.

त्यावर मी खरोखरच हसले. मी म्हटलं, साहेब, मला गिऱ्हाइकंच नाहीत.

ते खोटंही नव्हतं. लग्नात मुलीकडचे रुखवत मांडतात ते कशासाठी, तर मुलीच्या हातचं कसब सासरच्यांच्या डोळ्यात भरावं म्हणून. पूर्वी मुली करायच्याही. आता मुली कॉलेजात जातात, नोकऱ्या करतात, आणि त्यांच्या आया लग्नाच्या दोन महिने आधी मान खाली घालून माझ्या जिन्यानं वर येतात. रुखवत कुठून आणलं, असं कुणी विचारत नाही. विचारतात ते कुणी केलं, आणि उत्तर ठरलेलं असतं, मुलीनं स्वतः. फलटणात त्या वर्षी निम्म्या लग्नांत माझं रुखवत मांडलेलं होतं आणि एकाही लग्नात माझं नाव नव्हतं. माझा सगळा धंदा त्यावरच उभा होता. सामान पोचवायचं ते टोमॅटोच्या क्रेटमधून, वर जुनं लुगडं पसरून. प्रत्येक वस्तूत एखादी गोष्ट मुद्दाम वाकडी ठेवायची, कारण अगदी बिनचूक झालं की जाणत्या बायकांना वास येतो. आणि आयांची तोंडं जशी बंद, तसंच माझंही. एकदा जरी कुणाचं नाव फुटलं असतं, तरी माझ्या जिन्यावर पुन्हा कुणी चढलं नसतं.

हे सगळं ढवळ्यांना कशाला सांगू? मी मूग गिळून बसले. ते उठले, जाताना पुन्हा एकदा घोड्याकडं पाहिलं. "हात चांगला आहे तुमचा," म्हणाले आणि गेले.

ती वरात फरांद्यांच्या ऋतुजाची होती. फरांद्यांचं ट्रॅक्टरचं शोरूम, गावातलं मोठं प्रस्थ. एकुलती एक मुलगी, सासर पुण्याचं, जावई डॉक्टर. फरांदे वहिनींनी सांगून ठेवलं होतं की पुण्याच्या बायकांनी तोंडात बोटं घातली पाहिजेत. पंचवीस हजार ठरले. माझ्या हातून झालेलं सगळ्यात मोठं काम होतं ते. पाच हजार आगाऊ मिळाले, ते सामानातच गेले. उरलेले वीस लग्न झाल्यावर मिळायचे होते. त्या विसांवर माझं सगळं अडलेलं होतं, कारण खोलीचं भाडं सहा महिने थकलं होतं. मालक भला माणूस, पण त्याचाही भलेपणा संपत आला होता. फरांद्यांचं लग्न झालं की देते, असं मी त्याला सांगितलं होतं, आणि तो म्हणाला होता, ठीक आहे, नाही जमलं तर त्या महिन्यात खोली मोकळी करा. सायली तेव्हा चौथीत होती. तिला घेऊन माहेरी जायचं तर तिथं माझ्या भावाची बायको, माझी वहिनी होती, आणि तिच्याविषयी मी काही बोलणार नाही.

ऋतुजा दर रविवारी दुपारी माझ्याकडं यायची. करायला नव्हे, शिकायला. म्हणजे काय काय केलंय आणि कसं केलंय हे पाठ करायला. मुलीला धड सांगता आलं नाही तर सगळ्यावर पाणी पडतं. मी तिला विचारायचे, चिरोट्यांचं कमळ करताना पाकळ्या तुटत कशा नाहीत? ती म्हणायची, "पीठ घट्ट भिजवायचं आणि तळताना मधोमध काटा धरायचा." लवंगांच्या तुळशीवृंदावनाला किती दिवस लागले? "मोजले नाहीत हो, परीक्षा संपल्यावर बसले." ते "मोजले नाहीत हो" मी शिकवलेलं. खरं काम करणारी बाई दिवस मोजून ठेवत नाही. मोठी चुणचुणीत मुलगी होती. काकू, काकू करत माझ्या हातचा चहा प्यायची, सायलीच्या वेण्या घालायची. एकदा म्हणाली, काकू, तुमच्या हातातलं माझ्या हातात थोडं जरी आलं असतं ना. मला ते फार बरं वाटलं. तिच्या वयाच्या मुलीनं मला तोंडावर असं काही म्हटलं नव्हतं कधी.

अशाच एका रविवारी सायलीला न्यायला प्रताप आला. महिन्यातून दोनदा त्यानं तिला भेटायचं असं ठरलेलं होतं. तो दारात उभा, आणि आत ऋतुजा कमळाच्या पाकळ्या मोजत बसलेली.

"फरांद्यांची पोरगी ना ही?" त्यानं मला बाहेर आल्यावर विचारलं.

मी म्हटलं, शिवायला टाकलंय तिनं.

"मला सांगतीस होय? तुझी खोकी टेम्पोत घालून मीच पोचवत होतो की गावभर." आणि हसला. त्याचं हसणं छान होतं, त्यावरच मी एकेकाळी भुलले होते. सायलीला सायकलवर पुढं बसवून तो निघून गेला. जाताना म्हणाला, चांगलं काम धरलंस.

पुढच्या आठवड्यात फरांदे वहिनी माझ्याकडं आल्या त्या जिना दणदणवत. हातात पतसंस्थेची नोटीस. त्यांच्या शोरूमवर, कामगारांच्या देखत, शिपायानं ती आणून दिली होती. श्रीमती हेमलता भोईटे यांनी आपल्याकडील विवाहासाठी रुखवत तयार करण्याचे काम घेतले असल्याचे समजते, असं माझ्या माहेरच्या नावानं त्यात छापलेलं होतं. आपलं नाव टाइप केलेलं पाहून वहिनींच्या अंगाची लाही लाही झाली होती. त्यांना वाटलं, मीच नाव सांगितलं.

मी सायलीची शपथ घेतली. कुणी सांगितलं ते मला कळत होतं, प्रतापनं. संस्थेनं त्याचा गळा धरला होता, तर त्यानं माझी गिऱ्हाइकं पुढं केली. माझ्या कमाईतून गेले तेवढे त्याच्या डोक्यावरून उतरले. साधा हिशोब. मी वहिनींना सगळं सांगितलं, कर्ज, सही, कोर्टाचा कागद, सगळं. बोलता बोलता रडले. मला रडण्याची सवय नाही, त्यामुळं ते फार वाईट झालं.

वहिनींनी सगळं ऐकून घेतलं. मग माझ्या पाठीवर हात ठेवला.

"हेमाताई, तुम्ही काळजी करू नका. आम्ही लिहून देतोय, आमचं यांना काही देणं नाही, रुखवत आमच्या मुलीनं स्वतः केलंय. मग करू दे काय करायचं ते. तुमचे वीस हजार मांडव परतणी झाली की तुमच्या हातात. रोख. संस्थेला पत्ता लागायचा नाही."

मी त्यांचे हात धरले. देवानंच ही बाई पाठवली असं वाटलं मला. त्यांच्या घराला बोल लागत नव्हता आणि माझे पैसेही वाचत होते. एका दगडात दोघींचं भलं. त्या दिवशी प्रतापवर आपण मात केली, अशाच थाटात मी दुपारभर काम करत होते. गुणगुणतसुद्धा होते.

लग्न कार्यालयात होतं. अशा लग्नांना मी जायचे ते मुलीकडची लांबची मावशी म्हणून. चांगली साडी नेसायची, रुखवताच्या टेबलाजवळ खुर्ची धरायची, पर्समध्ये डिंक आणि सुई ठेवायची. लहान मुलं हात लावतात, काहीतरी मोडतं, ते कुणाला न कळता जोडावं लागतं. हळदीकुंकवाचं ताट फिरलं ते माझ्यासमोर आलं, वहिनींची जाऊ क्षणभर थांबली आणि पुढच्या बाईकडं वळली. माझा घटस्फोट तिला माहीत असावा. मी पर्समध्ये काहीतरी शोधायला लागले.

रुखवत मात्र, माझ्याच तोंडानं सांगते, बघत राहावं असं झालं होतं. पुण्याच्या बायकांनी टेबलाला गराडा घातला. ऋतुजाच्या सासूबाई, उंच, केस पांढरे, आवाज शाळेतल्या बाईंसारखा, एकेका वस्तूपाशी थांबत होत्या आणि ऋतुजा हिरव्या चुड्यात सगळं सांगत होती. पीठ घट्ट भिजवायचं, मधोमध काटा धरायचा. मोजले नाहीत हो. सासूबाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. मला तेव्हा, लपवून काय करायचं, अभिमान वाटला. कामाचाही आणि पोरीचाही.

आणि ढवळे आले. आमंत्रण असणारच, फरांद्यांच्या मोठ्या ठेवी होत्या त्यांच्या संस्थेत. अंगात परीटघडीचा सफारी, हातात आहेराचं पाकीट. ते सावकाश टेबलापाशी आले आणि सुपारीच्या वरातीसमोर उभे राहिले. घोडा त्यांनी ओळखला. माझ्याकडं पाहिलं, आणि माझ्या शेजारच्या खुर्चीत येऊन बसले.

हळू आवाजात त्यांनी मला जे सांगितलं ते असं. फरांद्यांनी देणं नाकारलंय. मोठे ठेवीदार आहेत, त्यांचा शब्द संस्था खोडणार नाही. पण मी स्वतः सांगितलं तर गोष्ट वेगळी. मी केलंय आणि एवढं येणं आहे, इतकं मी म्हटलं तर ते दोन ओळी लिहून घेतील, फरांद्यांना पैसे संस्थेत भरावेच लागतील. त्यातून थकलेले हप्ते निघाले की माझं खातं मोकळं करायचं ते बघतील. उरलेल्याचे लहान हप्ते पाडून देतील.

"साहेब, मला खोलीचं भाडं द्यायचंय," मी म्हटलं. "संस्थेत गेले तर मी रस्त्यावर येईन."

"आणि इथून मिळतील याची खात्री आहे तुम्हाला?"

"शब्द दिलाय त्यांनी."

ढवळे खुर्चीत माझ्याकडं वळले. मग एकदम, थोडं मोठ्यानं, म्हणाले, "ताई, एकदा तुमच्या तोंडून सांगा. हे रुखवत तुम्ही केलंय ना?"

मुद्दाम मोठ्यानं म्हणाले की त्यांचा आवाजच तसा होता, हे मला आजही सांगता येणार नाही. पण सासूबाई वळल्या. त्यांच्याबरोबर चार जणी वळल्या. "काय? यांनी केलंय?" त्यांनी विचारलं. ऋतुजाच्या तोंडावरचा रंग उडाला. लांब मांडवाच्या खांबापाशी वहिनी उभ्या होत्या, त्यांनी हात छातीशी नेला. बँडवाल्यांनीही नेमकं त्याच वेळी थांबायचं ठरवलं होतं.

हो म्हणायचं माझ्या जिभेवर आलं होतं, नाही असं नाही. इतक्या लग्नांत इतक्या वर्षांत कुणी मला पहिल्यांदाच विचारलं होतं. पण हो म्हटलं असतं तर त्या पोरीचं सासर तिथंच बिघडलं असतं, वीस हजार ढवळ्यांच्या पिशवीत गेले असते, आणि उद्यापासून माझ्या जिन्यावर चिटपाखरू फिरकलं नसतं.

"छे हो," मी हसून म्हटलं. "मी कुठली करतेय? माझ्या हातून साधी करंजी वळत नाही. ऋतुजानंच केलंय सगळं, मी पाहिलंय ना तिला करताना."

सासूबाईंचा चेहरा सैल झाला. ऋतुजानं माझ्याकडं इतक्या मायेनं पाहिलं की माझे डोळे भरून आले. ढवळे उठले, मला नमस्कार केला, आणि जेवायला न थांबता गेले. वहिनींनी पंगतीत मला स्वतःच्या हातानं जिलेबी वाढली, दोनदा.

मांडव परतणी झाली. सत्यनारायण झाला. मी वाट पाहत राहिले, फोन केले, वहिनी घरी नसायच्या. खोलीच्या मालकानं येऊन नुसतंच कॅलेंडरकडं पाहिलं. मग मी न विचारता फरांद्यांच्या बंगल्यावर गेले. पुढचं दार उघडं होतं, पण मी सवयीनं मागच्या अंगणाकडून गेले.

वहिनी कांदे वाळत घालत होत्या. मला पाहून त्यांना वाईट वाटलं, ते मला दिसलं. बसा म्हणाल्या, पाणी दिलं. मग म्हणाल्या, आमच्या साहेबांनी वकिलाला विचारलं. देणं नाही असं लिहून दिल्यावर पैसे दिले, तर आपण खोटं लिहून दिलं असं होतं. उद्या संस्थेनं उकरून काढलं तर नसती बला. ठेवी आहेत, नाव आहे. तेव्हा ते राहू द्या.

"राहू द्या म्हणजे?" मी विचारलं. "वहिनी, मी दोन महिने दुसरं काम घेतलं नाही."

"मला कळतंय हो. पण आता मी तरी कशाच्या आधारावर देऊ? कुणी विचारलं, हे पैसे कसले, तर काय सांगू?" त्यांनी कांद्यांवरून हात फिरवला. "तुम्हीच तर चारचौघांत सांगितलंत, ऋतुजानं केलंय म्हणून."

मी त्यांच्याकडं बघतच राहिले. त्या चिडून बोलल्या नव्हत्या, टोमणा मारून नव्हत्या. त्यांना ते मनापासून पटलेलं होतं. आगाऊ दिलेले पाच हजार त्यांनी परत मागितले नाहीत, आणि त्याचीही आठवण करून दिली. हातात काही घेऊन जा म्हणून लग्नातल्या बुंदीच्या लाडवांचा पुडा बांधायला लागल्या. मी तो तिथंच ठेवला आणि निघाले. या वेळी पुढच्या बाजूनं.

पुढं पोर्चमध्ये जावई गाडी पुसत होते. ऋतुजा पायरीवर बसली होती, दोघं माहेरपणाला आलेली. तिनं मला पाहिलं आणि पटकन उभी राहिली. नवीन मंगळसूत्र, अंगावर हळदीचा रंग अजून. मी सरळ जाणार होते. खरंच जाणार होते. पण जावई हसून म्हणाले, "काकू, तुम्ही लग्नात होतात ना? रुखवतापाशी? आमच्या आईनं तर जाहीर करून टाकलंय, माझ्या बहिणीच्या लग्नाचं रुखवत हिच्याकडूनच."

"ते मी केलंय," मी म्हटलं.

"काय?"

"रुखवत. मी केलंय ते. सगळं. त्याचे पैसे मागायला आले होते."

 जावयांनी गाडी पुसायचं फडकं खाली ठेवलं आणि ऋतुजाकडं पाहिलं. तो माणूस वाईट नव्हता, खरं काय ते त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. मीही तिच्याकडं पाहिलं. मनात म्हटलं, बोल बाई. आता लग्न झालंय, आता कुणी तुला परत पाठवत नाही. काकूंनी मदत केली एवढं म्हण. तेवढंही पुरे.

ऋतुजा अडखळली नाही.

"नाही हो," ती नवऱ्याला म्हणाली. "या आईकडं पापड लाटायला येतात. त्यांची परिस्थिती जरा... नवऱ्यानं टाकलंय त्यांना. मग असं काहीतरी बोलतात कधी कधी."

टाकलंय. माझ्या हातचा चहा पिताना तिला सगळं माहीत होतं, कुणी कुणाला सोडलं तेही.

जावयांचा चेहरा एकदम मऊ झाला. त्यांनी खिशातून पाकीट काढलं, शंभराची नोट काढली आणि माझ्यासमोर धरली. दोन्ही हातांनी धरली, वडीलधाऱ्या माणसाला देतात तशी. "घ्या काकू," म्हणाले. "आमच्या लग्नाची खुशी समजा."

मी ती घेतली. अशा वेळी आशीर्वाद द्यायचा असतो, तोही दिला. सुखी राहा म्हटलं. फाटकाबाहेर आल्यावर ती नोट मला फाडून टाकावीशी वाटली, आणि फाडता येत नाही म्हणून स्वतःचा इतका राग आला की मी भर रस्त्यात उभी राहून दातओठ खाल्ले. खोली आता जाणार होती. सायलीला घेऊन मला माहेरी, माझ्या वहिनीच्या दारात उभं राहायचं होतं, आणि ते मी राहिलेही, पुढची तीन वर्षं.

पण त्या दुपारी मी घरी गेले नाही. पतसंस्थेत गेले. ढवळे डबा खाऊन नुकतेच हात धुऊन आले होते. मी नोट त्यांच्या टेबलावर ठेवली.

"फरांद्यांकडून आलेत," मी म्हटलं. "रुखवताचे. जमा करून घ्या."

त्यांनी नोटेकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. काय झालं असेल ते त्यांना समजलं असावं, कारण काहीच विचारलं नाही. पावतीपुस्तक ओढलं, कार्बन घातला, माझं नाव लिहिलं. रणवरे लिहिलं होतं, ते खोडून भोईटे केलं. रक्कम अक्षरी लिहिली, शंभर फक्त. पावती फाडून माझ्या हातात देताना ते जरा थांबले.

"ताई, हे व्याजात जातील," म्हणाले. "कर्ज आहे तेवढंच राहील."